घरच्या वर्कशॉपसाठी धातू कापायची करवत: आधी माल मोजा, मग दात ठरवा, मशीन शेवटी

"लोखंड कापायला कुठलं मशीन घेऊ?" असं विचारणाऱ्याने बहुतेक वेळा १४ इंची चॉप सॉ (मोठ्या फिरत्या डिस्कने धातू घासून कापणारं मशीन) आधीच घरी आणलेला असतो. पुढच्या तक्रारी ठरलेल्या असतात. काप तिरका येतो, पाइपची कडा निळी पडते, ॲल्युमिनियम डिस्कला चिकटतं, आवाजामुळे शेजारी वैतागतात. त्या मशीनमध्ये सहसा काही दोष नसतो. निवडण्याचा क्रम उलटा झालेला असतो.

हा लेख पार्किंगमध्ये, बंगल्याच्या मागच्या शेडमध्ये किंवा शेतावरच्या अवजारांच्या खोलीत काम करणाऱ्यांसाठी आहे. रॅक, टेबल, गेटची दुरुस्ती, कुंड्यांचे स्टँड, ट्रॉलीचे भाग, अशी कामं. खाली टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने जा. पहिले चार टप्पे संपेपर्यंत करवत घ्यायला दुकानात पाऊल टाकू नका.

## टप्पा १: पुढच्या सहा महिन्यांत काय कापणार, ते लिहून काढा

वहीचं एक पान घ्या आणि प्रत्येक मालासमोर पाच गोष्टी लिहा: धातू कुठला, आकार कुठला (चौकोनी पाइप, अँगल, पट्टी, सळई, पत्रा), भिंतीची किंवा अंगाची जाडी किती, महिन्याला साधारण किती काप, आणि काप किती काटकोनात हवा. शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात. कुंपणाच्या खांबाला दोन मिलिमीटरचा फरक चालतो. टेबलाच्या चौकटीला अर्ध्या मिलिमीटरचा फरकही वेल्डिंग करताना चौकट वाकवतो.

नमुना म्हणून एक खरी यादी: रॅकसाठी २५ × २५ मिमीचा १६ गेज चौकोनी पाइप, बेंचसाठी ४० × ४० × ५ मिमीचा अँगल, बिजागरीच्या पिनांसाठी २० मिमीची भरीव गोल सळई, ३ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी. चारच ओळी आहेत, पण त्यांना तीन वेगळी पाती लागतात. म्हणूनच "एक मशीन सगळ्याला" हे ठरवून दुकानात गेलात की फसलात.

जाडी व्हर्नियरने (माल जबड्यात धरून बारीक माप देणाऱ्या पट्टीने) मोजा. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिमी, १८ गेज १.२ मिमी, १४ गेज २ मिमी. पण दुकानदार तोंडाने सांगतो तो गेज आणि हातात आलेली जाडी यांत बऱ्याचदा तफावत निघते. पाइपच्या कापलेल्या टोकाला बारीक धार उभी असते, तिच्यावर जबडा टेकला तर माप जास्त येतं. कानस मारून ती धार काढा आणि मग मोजा.

कानशीची परीक्षा. भंगारातून आणलेली स्प्रिंगची पट्टी, जुना शाफ्ट, बेअरिंगचा भाग असं काही यादीत असेल तर त्याच्या कोपऱ्यावर चांगल्या धारेची कानस एकदा दाबून चालवा. कानस धातू चावते असं हाताला कळलं तर करवत चालेल. ती काचेवरून घसरावी तशी घसरली, तर तो माल पाणी दिलेला, म्हणजे कडक केलेला आहे. त्यावर दातांचं कुठलंही पातं वाया जाणार, तिथे फक्त घासून कापणारी डिस्क. बांधकामाच्या टीएमटी सळईचा बाहेरचा थरही आतल्या गाभ्यापेक्षा कडक असतो. हॅकसॉने (हाताने चालवायच्या लोखंडाच्या करवतीने) ती कापली जाते, पण पातं लवकर बोथट होतं.

> तपासा: यादीत सर्वांत पातळ माल कुठला आणि सर्वांत जाड भरीव माल कुठला? त्या दोन ओळींखाली रेघ मारा. पुढचं सगळं त्यांच्यावर ठरणार आहे.

## टप्पा २: जागा आणि वीज आधी बघा

घासून कापणारी डिस्क, ग्राइंडरवरची असो की चॉप सॉवरची, ठिणग्यांचा झोत कित्येक मीटर लांब फेकते. त्या झोतात पेट्रोलची टाकी, थिनरचा डबा, गॅसचं सिलिंडर, लाकडाचा भुसा, वाळत घातलेले कपडे यांतलं काहीही येता कामा नये. सोसायटीच्या सामाईक पार्किंगमध्ये ही अट पाळणं जवळजवळ अशक्य असतं. तिथे दोन्ही बाजूंना दुचाकी उभ्या असतात. अशा जागेसाठी ठिणग्या न उडवणारी करवत, म्हणजे हॅकसॉ किंवा बँडसॉ (दोन चाकांवर सलग फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची करवत), एवढेच पर्याय धरा.

आणखी एक नुकसान सहसा कोणी सांगत नाही. उडणारे तप्त लोहकण काचेला आणि चकचकीत टाइलला चिकटतात, त्यात रुततात. मी सुरुवातीच्या काळात घराच्या पार्किंगमध्ये ग्राइंडरने अँगल कापले. चार मीटरवर उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर नंतर तपकिरी ठिपके दिसू लागले. पुसून गेले नाहीत, कारण ते डाग नव्हतेच, काचेत बसलेले कण होते आणि त्यांना गंज चढला होता. काच बदलावी लागली. गाडी हलवायला दोन मिनिटं लागली असती.

आता वीज. ३५५ मिमीचा, म्हणजे १४ इंची, चॉप सॉ साधारण २००० ते २४०० वॉटचा असतो. २३० व्होल्टवर तो दहा अँपिअरच्या आसपास खेचतो, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट हवं. ६ अँपिअरच्या बोर्डात ॲडाप्टर घालून चालवलेला चॉप सॉ हे तापलेल्या वायरिंगचं नेहमीचं कारण आहे. एक्स्टेन्शन लागलीच तर २.५ चौरस मिमी तांब्याची घ्या आणि गुंडाळी पूर्ण सोडून वापरा, कारण गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. लाइनवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर मशीनच्या आधी ते बसवा.

> इशारा: पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, रेझिनच्या कटिंग डिस्क ओलावा धरतात आणि कमकुवत होतात. त्या हवाबंद डब्यात, आडव्या, सपाट पृष्ठभागावर ठेवा. बहुतेक डिस्कच्या मधल्या धातूच्या कडीवर वापराची मुदत छापलेली असते. ती उलटून गेलेली डिस्क फुकट मिळाली तरी लावू नका.

## टप्पा ३: दातांचा हिशोब करा

सगळ्यांत जास्त पाती इथे चुकीच्या निवडीने तुटतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

नियम असा: कोणत्याही क्षणी पात्याचे किमान तीन दात धातूच्या जाडीत असले पाहिजेत. एकच दात आत असेल तर धातूची भिंत दोन दातांच्या मधल्या खाचेत घुसते, अडकते आणि पुढच्या ढकलीला दात मोडतो. एक मोडला की त्याच्या मागचे पटापट जातात.

पात्यावर इंचाला किती दात हे छापलेलं असतं. २५.४ ला त्या आकड्याने भागा, की दोन दातांमधलं अंतर मिळतं. हॅकसॉच्या पात्यांत चार आकडे नेहमी भेटतात:

- १४ दात: अंतर १.८ मिमी. साधारण साडेपाच मिमी आणि त्याहून जाड माल, भरीव सळई.
- १८ दात: अंतर १.४ मिमी. सव्वाचार मिमीपासून पुढे. ५ मिमीच्या अँगलला हेच.
- २४ दात: अंतर १.०६ मिमी. ३ मिमीच्या पट्ट्या, जाड भिंतीचे पाइप.
- ३२ दात: अंतर ०.८ मिमी. पातळ पाइप आणि पत्रा.

आता आपल्या १६ गेजच्या पाइपकडे या. पाइप बाहेरून २५ मिमीचा असला तरी दाताला भेटते ती १.६ मिमीची भिंत. पाइपच्या बाहेरच्या मापावरून पातं निवडणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. ३२ दातांचं पातं घेतलं तरी १.६ मिमीत दोनच दात बसतात, नियम पूर्ण होत नाही. उपाय हातात आहे: पातं भिंतीला सरळ न भिडवता तिरकं, साधारण ३० अंशांच्या कोनात उतरवा, म्हणजे तिरक्या छेदात जास्त दात येतात. एक भिंत कापली की पाइप फिरवा आणि पुढची घ्या. मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ पत्रा असेल तर प्लायवुडच्या दोन तुकड्यांमध्ये दाबून प्लायसकट कापा, नाहीतर पत्र्याची कात्री वापरा.

उलट टोकालाही मर्यादा आहे. २० मिमीच्या भरीव सळईवर ३२ दातांचं पातं चालवलं तर इतके दात आत असतात की कीस बाहेर पडायला जागाच मिळत नाही. खाचा भरतात आणि पातं कापायचं सोडून नुसतं घासतं. मग माणूस जोर वाढवतो आणि पातं तुटतं. भरीव मालाला मोठे दात.

> तपासा: टप्पा १ मधल्या यादीत प्रत्येक ओळीसमोर दातांचा आकडा लिहा. नमुन्याच्या यादीत तो असा येईल: पाइप ३२, अँगल १८, सळई १४, ॲल्युमिनियमची पट्टी रुंद बाजूने १८. ॲल्युमिनियम मऊ आहे, त्याचा कीस खाचांत चिकटतो, म्हणून एक पायरी मोठे दात बरे. पात्याला मेणबत्ती घासली किंवा रॉकेलचे दोन थेंब सोडले की चिकटणं कमी होतं.

## टप्पा ४: करवतीआधी बेंच व्हाइस

खर्चाचा पहिला हप्ता व्हाइसवर, म्हणजे माल जबड्यांत घट्ट धरणाऱ्या शिकंज्यावर, घाला. हलणाऱ्या मालावर उत्तम पातंही तुटतं, आणि घट्ट धरलेल्या मालावर साधं पातंही सरळ जातं. ४ किंवा ५ इंची जबड्याचा व्हाइस घरच्या कामाला पुरतो. बेंच भिंतीला बोल्टने पकडा. बेंच हलत असेल तर व्हाइसचा उपयोग अर्धाच होतो. जबड्यांवर ॲल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे टोप्यांसारखे बसवा, म्हणजे पाइपवर खुणा उमटत नाहीत.

कापायची रेघ जबड्यापासून १०-१५ मिमीवर ठेवा. बोटभर लांब ठेवली की माल थरथरतो आणि कर्कश आवाज येतो. तो आवाज आला की थांबा आणि माल आत सरकवा.

पातळ पाइप जोराने आवळला तर चेपतो. आत बसेल असा लाकडाचा ठोकळा घाला आणि मग आवळा.

## टप्पा ५: चांगला हॅकसॉ घ्या आणि तो नीट चालवा

महिन्याला वीस-पंचवीस कापांपर्यंत बऱ्याच घरांना इथेच थांबता येतं. पण अट अशी की फ्रेम ताठ हवी. गोल सळई वाकवून केलेली हलकी फ्रेम पात्याला ताण देऊच शकत नाही, आणि "हॅकसॉने सरळ कापताच येत नाही" या समजुतीचं मूळ त्या फ्रेममध्ये आहे. आयताकृती पोकळ नळीची, मागे मोठा पिळण्याचा नट असलेली फ्रेम बघा. दुकानात पातं लावून नट आवळा आणि पात्याला नखाने टिचकी द्या. टणकन स्वर आला पाहिजे. मंद, बसका आवाज आला तर ती फ्रेम परत ठेवा.

पातं ३०० मिमीचं, बाय-मेटल घ्या. त्यात दातांची कडा हायस्पीड स्टीलची आणि पाठ लवचिक पोलादाची असते, त्यामुळे थोडं वाकलं तरी तुटत नाही. पूर्ण कडक पातं सरावलेल्या हाताला चांगलं, नवशिक्याच्या हातात त्याचे दोन तुकडे होतात. साध्या कार्बन स्टीलच्या पात्यापेक्षा बाय-मेटल महाग पडतं, पण चालतं कितीतरी जास्त.

चालवण्याचा क्रम:

१. दात पुढच्या दिशेला, म्हणजे मुठीपासून लांब, अशा रीतीने पातं लावा. पात्यावर बाण असतो. उलटं लावलेलं पातं मी अनुभवी लोकांच्या फ्रेममध्येही पाहिलं आहे.

२. स्क्राइबरने (धातूवर ओरखडा काढणाऱ्या टोकदार सळईने) रेघ मारा, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून पाइपच्या चारही बाजूंना फिरवून न्या. फक्त वरच्या बाजूला रेघ मारली तर खालचा काप कुठे जातो ते दिसत नाही.

३. त्रिकोणी कानशीने कडेवर छोटी खाच करा. पातं त्या खाचेत ठेवून सुरू करा, घसरणार नाही.

४. पुढे जाताना दाब, मागे येताना फ्रेम किंचित हलकी. मिनिटाला ४० ते ५० फेऱ्या, त्याहून जास्त नाही. भराभर चालवलं की दात तापतात आणि धार जाते.

५. पात्याची जवळजवळ पूर्ण लांबी वापरा. मधले चार इंच झिजवून बाकी पातं नवं ठेवण्यात फायदा नाही.

६. शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला दाब सोडा आणि सुटणाऱ्या तुकड्याला हाताने आधार द्या.

> इशारा: अर्ध्या कापात पातं तुटलं तर नवं पातं त्याच चिरेत घालू नका. झिजलेल्या पात्याने केलेली चीर अरुंद असते, नव्या पात्याचे दात दोन्ही बाजूंना जास्त फाकलेले असतात. ते अडकतं आणि पहिल्याच फेरीत मोडतं. माल फिरवून दुसऱ्या बाजूने नवी चीर सुरू करा.

## टप्पा ६: मशीन हवंच असेल, तर कुठलं

एक फरक आधी पक्का करा. दातांच्या करवतीला जास्त दात आत हवे असतात, म्हणून पट्टी आडवी ठेवून तिची रुंद बाजू पात्याला द्यायची. घासणाऱ्या डिस्कला उलट हवं असतं. तिचा धातूशी स्पर्श जितका कमी तितकी ती थंड आणि जलद कापते, म्हणून तिथे पट्टी उभी धरायची. अँगल चॉप सॉवर छपरासारखा पालथा, दोन्ही कडांवर टेकवून ठेवायचा. हा फरक न कळल्यामुळे लोक डिस्क अर्ध्यात संपवतात आणि दोष डिस्कला देतात.

### चार इंची ग्राइंडर

बहुतेकांकडे तो असतोच. १०० मिमीची, १ ते १.२ मिमी जाडीची डिस्क लावली तर पाइप, सळई, टीएमटी, कडक स्प्रिंग सगळं कापता येतं. जागेवर बसवलेल्या गेटचा गंजलेला बोल्ट कापायला याच्यासारखं दुसरं काही नाही. काटकोनी कापासाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका.

डिस्कवर छापलेला कमाल वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त असलाच पाहिजे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११-१२ हजार फेरे घेतो आणि १०० मिमीच्या डिस्कवर साधारण १५,३०० छापलेलं असतं, तेव्हा ही जोडी बरोबर. गार्ड काढून पाच इंची डिस्क बसवणं, कटिंग डिस्कच्या सपाट बाजूने घासणं, आणि लाकडाचं दातेरी पातं ग्राइंडरला लावणं, या तीन गोष्टींनी माणसांची बोटं आणि डोळे गेले आहेत. त्या कधीही करू नका, "एकच काप आहे" म्हणूनही नाही.

माल दोन्ही टोकांना टेकवून मधे कापला तर काप बंद होत जातो, डिस्क चिमटते आणि ग्राइंडर अंगावर उसळतो. एक बाजू घट्ट धरा, कापून पडणारी बाजू मोकळी सोडा.

### चॉप सॉ

जागा मोकळी, ठिणग्यांना आडोसा, १६ अँपिअरचं सॉकेट, आणि कापायचं ते मुख्यतः माइल्ड स्टीलचे (साध्या लोखंडाचे) अँगल व पाइप, असं सगळं जुळत असेल तर घ्या. त्याचा गुण वेग आहे. त्याचे दोष: मोठी डिस्क दाबाखाली लवते म्हणून जाड मालात काप तिरका होतो, कडेला जाड धार उभी राहते, आवाजासाठी कानात प्लग लागतात, आणि प्रत्येक काप तीन मिमीच्या आसपास धातू खातो. ॲल्युमिनियम त्यावर कापू नका. मऊ धातू डिस्कच्या छिद्रांत भरतो आणि तापलेली डिस्क फुटू शकते.

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप घासून कापताना जस्ताचा धूर निघतो. तो काप उघड्यावरच घ्या, वारा पाठीमागून येईल असे उभे राहा.

### कार्बाइड पात्याचा कोल्ड कट सॉ

दिसायला चॉप सॉसारखाच, पण फेरे मिनिटाला १३०० ते १५००, आणि पात्याला कार्बाइडचे दात. काप स्वच्छ, कडा हाताला गार. चौकटीची कामं जास्त करणाऱ्याला आवडेल. पातं महाग असतं आणि माल कापताना हलला तर दात उडतो, म्हणून क्लॅम्प ढिला चालत नाही.

> इशारा: साध्या चॉप सॉचे फेरे मिनिटाला ३८०० च्या आसपास असतात. दोन्हींचं भोक २५.४ मिमी असल्यामुळे कार्बाइडचं पातं त्यावर बसतं. बसतं म्हणून लावू नका. पात्यावर छापलेल्या वेगाच्या दुपटीहून जास्त वेगाने ते फिरेल आणि दात गोळीसारखे सुटतील.

### बँडसॉ

घरच्या वर्कशॉपसाठी एकच मशीन सुचवा असा कोणी आग्रह धरला, तर मी बँडसॉ सांगतो. ठिणग्या नाहीत, आवाज इतका कमी की शेजारी बोलणं ऐकू येतं, काप एक मिमीच्या आसपास, आणि पातं बदललं की ॲल्युमिनियम, पितळ, स्टेनलेस सगळं चालतं. वेळ जास्त लागतो, पण आडव्या मशीनवर माल पकडून सोडला की ते स्वतःच्या वजनाने उतरतं, तोवर तुम्ही पुढच्या तुकड्यावर रेघ मारा. मात्र त्याला एकटं सोडून घरात जाऊ नका.

हातात धरायची पोर्टेबल बँडसॉ कमी जागेत बसते. छोट्या स्टँडवर लावली की उभी बँडसॉ होते. आडव्या मशीनमध्ये ४ × ६ इंच क्षमतेचं छोटं मशीन घरच्या कामाला पुरतं. त्यावर सहसा पुलीचा पट्टा सरकवून साधारण २०, ३० आणि ५० मीटर प्रति मिनिट असे तीन वेग मिळतात. बाय-मेटल पात्याने माइल्ड स्टील आणि ॲल्युमिनियम सर्वांत जलद वेगावर, स्टेनलेस सर्वांत सावकाश. स्टेनलेसवर पातं नुसतं घासू देऊ नका. दाब कमी पडला की वरचा थर कडक होतो आणि मग पातं शिरतच नाही.

पात्याचे दात पुन्हा टप्पा ३ प्रमाणे. १०/१४ असं मिश्र दातांचं पातं अँगल, जाड पाइप आणि मध्यम सळया यांना चालतं. १६ गेजला १४/१८ लागतं, आणि त्यातही दाब अगदी हलका.

जिगसॉ पत्र्यातल्या वळणदार कापांना ठीक, धातूचं बारीक दातांचं पातं आणि मंद वेग. जुन्या बाजारात पॉवर हॅकसॉ मिळतात. जाड भरीव माल असेल आणि जागा असेल तर ते वर्षानुवर्षं चालतात, पातळ पाइपला ते नकोत.

## टप्पा ७: दुकानात तपासणी

पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, कोल्हापुरात उद्यमनगर, जवळ असेल तिथे जा, पण यादी आणि गुण्या सोबत न्या.

पहिला प्रश्न मशीनबद्दल विचारू नका, पात्याबद्दल विचारा: "या मापाचं बाय-मेटल पातं तुमच्याकडे कायम असतं का?" छोट्या आडव्या बँडसॉला बहुधा ६४.५ इंची पातं लागतं. रिळातून हव्या लांबीचं कापून वेल्ड करून देणारे औद्योगिक भागांत असतात. पातं परगावाहून मागवावं लागणार असेल तर पहिलं तुटलं की मशीन झाकून ठेवावं लागतं.

मग हात लावून बघा. चॉप सॉचं डोकं खाली आणून डावी-उजवीकडे हलवा, खेळ जाणवला तर नको. क्लॅम्पच्या मागची पट्टी आवळल्यावर सरकते का ते पाहा. पातळ पत्र्याची असेल तर कोन टिकणार नाही. बँडसॉमध्ये पातं फिरवून दोन्ही चाकांवर ते एकाच जागी राहतं का, आणि गाइडचे बेअरिंग मोकळे फिरतात का ते बघा.

शक्य असेल तर परीक्षेचा काप मागा. घरून ५० मिमी रुंद पट्टीचा तुकडा न्या, कापून घ्या आणि दोन्ही दिशांनी गुण्या लावून उजेडासमोर धरा. फट दिसली तर दुकानदाराला जागेवरच जुळवून दाखवायला सांगा. जुळत असेल तर हरकत नाही, जुळवताच येत नसेल तर पुढच्या दुकानात जा. जुनं मशीन घेत असाल तर हा काप घेतल्याशिवाय पैसे देऊच नका. मी एकदा रंग दिलेलं जुनं आडवं मशीन न कापता उचललं. आतल्या चाकाची कडा झिजलेली होती, पातं दर पाचव्या मिनिटाला उतरायचं, आणि चाक नवं करून घेण्यात मशीनच्या निम्मे पैसे गेले.

## टप्पा ८: घरी आल्यावर पहिले काप

डोळ्यांना बाजूंनी बंद असलेला गॉगल, डिस्क असेल तर त्यावर फेसशील्ड. नेहमीचा चष्मा पुरत नाही. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी काढून ठेवा. फिरत्या मशीनजवळ सुती हातमोजे घालू नका, धागा अडकला की हात ओढला जातो. हातमोजे काप झाल्यावर, धारदार तुकडे उचलायला.

नवं बँड पातं पहिल्या काही कापांना निम्म्या दाबाने चालवा. नव्या दातांची टोकं अतिशय बारीक असतात, पूर्ण दाब दिला तर ती सूक्ष्म तुटतात आणि पात्याचं आयुष्य तिथेच घटतं.

लांबी मोजताना कापात जाणारा धातू धरा. ६ मीटरच्या पाइपमधून अकरा काप देऊन ५०० मिमीचे बारा तुकडे निघतील असं कागदावर वाटतं. चॉप सॉवर ३ मिमीच्या हिशोबाने अकरा कापांत ३३ मिमी जातात आणि शेवटचा तुकडा ४६७ चा उरतो. रेघ मारल्यावर टाकाऊ बाजूला फुली करा आणि पातं फुलीच्या बाजूला ठेवा.

लांब पाइपचं बाहेरचं टोक स्टँडवर, मशीनच्या पातळीला बरोबर टेकवा. ते लोंबकळत असेल तर पाइप क्लॅम्पमध्ये उचलला जातो आणि काप तिरका येतो. नंतर मशीनचा कोन दुरुस्त करत बसाल आणि चूक स्टँडची असेल.

स्टेनलेससाठी वेगळी डिस्क ठेवा आणि तिच्यावर मार्करने लिहा. लोखंडावर वापरलेली डिस्क स्टेनलेसवर लोहकण सोडते आणि आठवड्याभरात त्यावर गंजाचे ठिपके येतात.

प्रत्येक कापानंतर कानशीने आतली आणि बाहेरची धार मोडा. धार तशीच ठेवली तर तुकडा पुढच्या वेळी व्हाइसमध्ये सरळ बसत नाही आणि माप चुकतं.

> शेवटची तपासणी: डिस्कने कापलं असेल तर काम संपल्यावर लगेच शटर ओढून जाऊ नका. कापडाच्या घडीत, भुशात, बेंचच्या मागच्या फटीत ठिणगी बराच वेळ धुमसत राहते. अर्ध्या तासाने परत या, बेंचखाली आणि कोपऱ्यात टॉर्च मारा, जळका वास येतो का बघा. मग प्लग काढा आणि कुलूप लावा.